बिनचूक उत्तरपत्रिका

१२ जानेवारी

प्रिय टिल्लू,

तुझं पत्र मिळालं. जूनमध्ये भाषेची परीक्षा आहे, पास झालास तर कोल्ड स्टोरेजमध्ये कायम होशील आणि कायम झालेल्या माणसाला घरचं एक माणूस तिकडे बोलावता येतं, हे सगळं तू तिसऱ्या पानाच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलंस. पहिली दोन पानं तुझ्या गुडघेदुखीवर. चाळिशी उलटली तरी कुठली गोष्ट आधी सांगावी हे तुला कळत नाही.

पुस्तक हातात धरलं की तुला झोप येते हे मला तू पहिलीत असल्यापासून ठाऊक आहे. म्हणून वाचनालयातून स्पॅनिशचं जुनं पुस्तक मीच आणलंय. भाषा मला आवडली. तिच्यातली बरीचशी क्रियापदं गुणी मुलांसारखी आहेत, कुठे वाकडी जात नाहीत. शेवटची दोन अक्षरं काढून टाकायची आणि मी, तू, तो, आम्ही, तुम्ही सगळे, ते अशा सहा जणांसाठी सहा वेगळे शेवट जोडायचे. हाब्लार म्हणजे बोलणे. हाब्लो, हाब्लास, हाब्ला, हाब्लामोस, हाब्लाइस, हाब्लान. एक जमलं की तसली शेकडो जमली. आपण फक्त वर्तमानकाळ धरू. पेट्या उचलायला भूतकाळ लागत नाही.

सोबत चार तक्ते टाईप करून पाठवतेय. वर क्रियापद, खाली सहा रिकाम्या ओळी. भरून परत पाठवायचे, मी लाल शाईने तपासून पुढच्या टपालाने धाडीन. तुझा आळस हिशेबात धरून माझा पत्ता टाईप केलेली तीस पाकिटंही घातली आहेत. तिकीट तेवढं तू लाव.

फोन करू नकोस. डावा कान गेलाच होता, आता उजवाही गेला. अठ्ठावीस टाईपरायटरांच्या खोलीत पस्तीस वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार, असं डॉक्टर म्हणाले, म्हणजे कागदावर लिहून दाखवलं. शिकवायला अडत नाही. मुलींची बोटं बघून मला चूक कळते. फक्त क्लास सुटला आणि वर खोलीत आले की दुसऱ्या सकाळपर्यंत कुणाशी काही बोलणं होत नाही. तेव्हा तक्ते टाईप करायला मला वेळच वेळ आहे.

तुझी,
ताई

८ फेब्रुवारी

ती. ताईस,

बिनपगारी विद्यार्थ्याचा नमस्कार.

तुझ्या पुस्तकाने पहिल्याच दिवशी माझी फजिती केली. मी गोदामात ऐटीत ‘हाब्लो’ म्हणालो आणि सगळे पोट धरून हसले. अगं, तो ‘ह’ फक्त लिहायचा, म्हणायचा नाही. आब्लो. आता सगळे मला ‘हाब्लो’ म्हणूनच हाक मारतात.

माझी खोली एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात आहे, जिना चढून वर. घरमालकीणबाई दिवसभर स्वयंपाकघरात खिडकीशी बसलेल्या असतात. त्या मान हलवतात, मी मान हलवतो, की झाला आमचा संवाद. त्यांच्याकडे कुणी म्हणजे कुणी येत नाही. टपालवालासुद्धा माझ्याचसाठी थांबतो. रविवारी त्यांच्या टेबलावर तक्ते पसरून बसलो होतो, तर कॉफी ठेवता ठेवता वाकून बघत होत्या. एका ओळीवर बोट ठेवून मान नाही अशी हलवली. मी खोडून दुसरं लिहिलं, तर त्यावरही नाही. मग आम्ही दोघांनी नाद सोडला.

चार तक्ते भरून पाठवतोय. जपून तपास, शाई संपेल.

तुझा,
टिल्लू

२ मार्च

प्रिय टिल्लू,

चोवीसपैकी अकरा. ‘आम्ही’ आणि ‘ते’ यांची तू भेळ केली आहेस. भेळ झाली की तक्ता परत. ते चारही पुन्हा लिही.

‘ह’चं कळलं. मला काय, तो म्हटला काय आणि न म्हटला काय. मी खोलीत एकटीच मोठ्याने म्हणते आणि मला ऐकू येत नाही. घशावर हात ठेवला की थरथर कळते. खालच्या क्लासच्या शिपायाने परवा दार उघडून बघितलं, बाईंना काय झालं म्हणून. हातवारे करून सांगितलं, भावाला शिकवतेय.

आता पुढचे दोन गट. कोमेर म्हणजे जेवणे आणि विवीर म्हणजे राहणे. शेवट थोडे बदलतात, पण शिस्त तीच. विवो, विवेस, विवे. या खेपेला दहा तक्ते आहेत. रोज एक भरलास तरी खूप.

तुझ्या खोलीत एकच खाट आहे का? आणि खिडकी पूर्वेला आहे की कशी? सहज विचारतेय.

ताई

१४ एप्रिल

ती. ताईस,

पत्राला उशीर झाला. उणे वीसच्या खोलीत आठ-आठ तास जातात, बाहेर आलो की बोटं वळत नाहीत. तक्ते थोडेच भरलेत, जमतील तसे.

खरं सांगू का, एकटा असताना सगळे सहाच्या सहा शेवट पाठ असतात. समोर माणूस उभा राहिला की दातखीळ बसते. परीक्षा तोंडी आहे असं आता कळलंय. साहेब समोर बसवून बोलायला लावतात.

एक विचारायचं होतं. समजा, नाही झालो पास, तर?

खाट एकच आहे. खिडकी पश्चिमेला.

टिल्लू

६ मे

प्रिय टिल्लू,

असलं अभद्र मनातही आणायचं नाही. पास नाही झालो तर म्हणे. आपल्या घरात आजवर कुणी नापास झालेलं नाही. दहावीला तूसुद्धा हातपाय गाळले होतेस, मीच तुला ढकलत पलीकडे नेलं. आताही नेईन. रोज पहाटे उठून दोन तक्ते मोठ्याने म्हण, दातखीळ आपोआप सुटेल. पाठांतर पक्कं असलं की माणूस अडखळत नाही.

आणि इथे सगळ्यांना सांगून झालंय. क्लासच्या मास्तरांना, वाचनालयातल्या बाईंना, खालच्या शिपायालासुद्धा. जो तो पाटीवर लिहून विचारतो, भाऊ कधी कायम होतोय? आता माझं नाक कापू नकोस.

नवे सहा तक्ते सोबत आहेत. पश्चिमेची खिडकी चालेल. खाट इथून आणता येणार नाही, तिकडेच बघू.

ताई

१२ जुलै

प्रिय टिल्लू,

काल तुझं पाकीट आलं. आत नुसते सहा तक्ते, साधी चिठ्ठीही नाही. राग येणार होता, पण तक्ते बघितले आणि राग पळाला. एकही चूक नाही! टिल्लू, हा तूच का? अक्षरसुद्धा सुधारलंय. थोडं थरथरतंय, ते थंडीने असणार, पण प्रत्येक ओळ कशी ताठ. मी दोनदा पुस्तकाशी ताडून बघितलं.

फक्त पाचवी ओळ, ‘तुम्ही सगळे’, सहाही तक्त्यांत रिकामी आहे. ती का सोडलीस? एवढं करून शेवटी आळस केलासच. प्रत्येकी एक गुण कापलाय.

परीक्षा कशी झाली ते कळव. इतकं येत असताना वाईट जायचं कारण नाही.

ताई

२८ ऑगस्ट

प्रिय टिल्लू,

आणखी दोन पाकिटं आली. तक्ते पुन्हा बिनचूक, पाचवी ओळ पुन्हा रिकामी, पुन्हा पत्र नाही. तू मुद्दाम मला ताटकळत ठेवतो आहेस ना? लहानपणी निकालाचा कागद पाठीमागे लपवून उभा राहायचास, तसा. मी ओळखलंय. नापास झालेला माणूस कशाला भरेल तक्ते? तू पास झाला आहेस आणि कागदपत्रं हातात पडली की एकदम सांगणार आहेस.

तर मीही तुला एक सांगते. खोली सोडली. मास्तरांच्या पुतण्याचं लग्न ठरलंय, त्यांना जागा हवीच होती. ऑक्टोबरअखेर रिकामी करून देते म्हणाले. मास्तरांनी पाटीवर लिहिलं, आधी भावाचं पत्र तर येऊ दे. मी तुझे तक्ते त्यांच्यापुढे ठेवले. कपाट वाचनालयातल्या बाईंनी नेलं, भांडी शिपायाच्या घरी गेली. दोन बॅगांत मावेन एवढीच उरलेय.

तुला मी हे कधी लिहिलं नाही, पण संध्याकाळी तक्ते टाईप करताना मी मनाने तुझ्या त्या जिन्यावरच्या खोलीत असते. तू कामावरून येतोस, मी ताट वाढते, तू काहीतरी बडबडतोस आणि मी ओठांवरून ओळखते. एवढंच असतं, फार काही नसतं.

नव्या तक्त्याच्या तळाला मी स्पॅनिशमध्ये दोन वाक्यं स्वतः लिहिली आहेत. अर्थ सांगणार नाही. तुला आता सगळं येतं.

ताई

२० सप्टेंबर

(घरमालकीणबाईंचं स्पॅनिश पत्र. मराठी ताईने कोश बघून केलेलं.)

बाई,

तुम्ही लिहिता, ‘मी नोव्हेंबरमध्ये पोचते. आम्ही एकत्र राहतो.’ मी वाचते, आणि म्हणून आज मी लिहिते.

तुमचा भाऊ इथे राहत नाही. जूनपासून राहत नाही. दुसऱ्या गावात, बंदरावर काम करतो. पत्ता खाली लिहिते. तो पोचत नाही, तुमची पत्रं पोचतात.

मी पाकीट उघडते. तुमची भाषा मी वाचत नाही. तक्ते वाचते. ओळी रिकाम्या, टेबलाच्या खणात तुमच्या पत्त्याची पाकिटं. मी ओळी भरते.

मी एकटी राहते. एकटीसाठी रांधते, एकटी जेवते. मला कुणी लिहीत नाही. तुम्ही लिहिता. मी महिनाभर लाल शाईची वाट बघते.

पाचवी ओळ आमच्याकडे कुणी वापरत नाही. तुम्ही दर वेळी गुण कापता.

तुम्ही मला माफ करता?

१५ ऑक्टोबर

टिल्लू,

तुझा पत्ता घरमालकीणबाईंनी कळवला. त्यांचं पत्र आणि मी केलेलं भाषांतर सोबत पाठवतेय, बघ. त्यातली सगळी क्रियापदं मी पाठवलेल्या तक्त्यांतलीच आहेत. मला कळावं म्हणून त्या बाईंनी तेवढीच वापरली. परक्या बाईला माझी एवढी काळजी.

चार महिने मी जन्मापासून स्पॅनिश बोलणाऱ्या बाईंचं स्पॅनिश तपासत होते. गुणही कापले. हसायचं असेल तर हस.

जिवंत आहेस का तेवढं कळव.

ताई

९ नोव्हेंबर

ताई,

जिवंत आहे. तुला तोंड दाखवायच्या लायकीचा नाही, म्हणून लिहीत नव्हतो.

परीक्षेत साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, कुठे राहतोस? सोपा होता गं. रस्त्याचं नाव सांगायचं होतं, बस. पण माझ्या डोक्यात तुझा तक्ता उभा राहिला आणि मी सुरू झालो. मी राहतो, तू राहतोस, तो राहतो, आम्ही राहतो. सहाच्या सहा ओळी म्हणून दाखवल्या. साहेब थांबले, म्हणाले, बरं, काम काय करतोस? मी पुन्हा, मी काम करतो, तू काम करतोस. तिघेही साहेब खाली मान घालून हसत होते. वाईट नव्हते ते. मला पाणी दिलं. पण नापास ते नापास. आठवड्यात कंत्राट संपलं.

खोलीवर आलो तर तुझं ते मेचं पत्र टेबलावर होतं. नाक कापू नकोसवालं. ते वाचलं आणि तिथून निघायचं ठरवलं. बाईंना खुणेने सांगितलं, माझी पत्रं ठेवा, येऊन नेईन. पेटी तिथेच ठेवली म्हणून इथला पत्ता देऊन आलो. दोनदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि मागे फिरलो. आत तुझ्या लाल शाईची पाकिटं असतील, ही भीती वाटली. त्या तक्ते भरून पाठवतात हे मला तुझ्या पत्रातून कळलं.

इथे बंदरावर दिवसाच्या रोजीवर मासळीच्या पेट्या चढवतो. सहा जण एका खोलीत झोपतो, पण माझ्याशी बोलायला असं कुणी नाही. गंमत म्हणजे आता भाषा येते थोडीफार. पेटी धर, पाय सांभाळ, बर्फ आण. तक्ता आठवत नाही, म्हणून येते असं वाटतं.

तू खोली सोडलीस हे मला आत्तापर्यंत ठाऊक नव्हतं. बाईंनी तुझं ऑगस्टचं पत्र आता इकडे धाडलं, त्यात वाचलं. ताई, तू आहेस कुठे? कुठे झोपतेस? मला मार, पण ते कळव.

टिल्लू

२ डिसेंबर

प्रिय टिल्लू,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रागाने. साहेबांपुढे तू सहाही ओळी म्हणून दाखवल्यास तिथे मला हसू आलं आणि मग बराच वेळ रडू आलं. तुझं काही चुकलं नाही. मी तुला तेवढंच शिकवलं होतं. समोरच्याने विचारलं तर उत्तर कसं द्यायचं हे मला सुचलंच नाही. माझ्यासमोर बसून मला कुणी काही विचारतं कुठे?

मी राहते ती जागा महिलांच्या वसतिगृहात आहे, दुसऱ्या मजल्यावर. खोलीत दोन खाटा. दुसरी खाट एका नर्सची, तिची कायम रात्रपाळी. मी क्लासहून येते तेव्हा ती निघून गेलेली असते, ती येते तेव्हा मी निघालेली. महिना झाला, आमची नीट ओळख नाही. उशीवर कधी कधी तिचा केस असतो, तेवढ्यावरून कळतं की खोलीत आणखी कुणी राहतं. जेवण खाली मिळतं. बरं असतं. माझी काळजी करू नकोस असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू, कर थोडी.

घरमालकीणबाईंना पत्र लिहिलं. कापलेले सगळे गुण परत दिले. तुझी पेटी कोरड्या जागी आहे असं त्या कळवतात. जाऊन भेट त्यांना. हातात काहीतरी घेऊन जा आणि बसून बोल, तुला आता येतं. एवढ्या मोठ्या घरात त्या दिवसभर खिडकीशी बसतात, आणि तू गल्लीच्या तोंडावरून परत फिरलास, हे मला आवडलं नाही.

माझ्या पत्रांच्या कार्बन प्रती मी ठेवते. काल मेची काढून वाचली. तू एका ओळीत विचारलं होतंस, नापास झालो तर? मी पानभर लिहिलं, त्यात मास्तर आले, वाचनालय आलं, माझं नाक आलं. ‘तर काय, घरी ये’ हे चार शब्द नाहीत. तुला तेव्हा तेवढेच हवे होते. माझ्या हातून ते गेले, आणि त्यापायी तू पाच महिने गल्लीबोळांत तोंड लपवत फिरलास.

आणि एक कबूल करायचं आहे. तू कायम व्हावास म्हणून मी शिकवत होते असं मी सगळ्यांना सांगितलं, तुलाही तेच भासवलं. पण ते पुस्तक मी आणलं ते स्वतःसाठी. तिकडे आले तर तुझ्यावर ओझं नको, दुकानात जाऊन मीठ तरी मागता यावं, म्हणून रोज घशावर हात ठेवून घोकत होते. खिडकी कुठल्या दिशेला, खाटा किती, असलं विचारत बसले, आणि जे विचारायचं ते तेवढं सोडून दिलं. मला एकटीला राहवत नाही, टिल्लू. वर्षभर एक वाक्य आपल्या भाषेत लिहायचं धाडस झालं नाही, म्हणून मी तुला दुसऱ्या भाषेतली क्रियापदं पाठवत राहिले. मला तुझ्याजवळ राहायचं आहे. तुझ्या परीक्षेचं मला काही पडलेलं नाही. तू इकडे ये, नाहीतर मला तिकडे ने. सहा जणांच्या खोलीत मला जागा नसेल तर बाईंना विचार, तुझी वरची खोली अजून रिकामी आहे का.

तुझी,
ताई